रंग काढून घेतल्यावर चित्रात काय उरते?

१/ रोम, इ. स. १६३५चा सुमार. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या निसर्गचित्रांना एवढी मागणी आली होती की, त्याच्या नावावर बनावट चित्रे खपू लागली. तेव्हा त्याने एक वही सुरू केली. चित्र पुरे झाले की त्याची प्रतिकृती वहीत उतरायची आणि बहुधा मागच्या बाजूस ते कोणासाठी काढले याची नोंद व्हायची. १६८२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तोवर अशी सुमारे दोनशे रेखाटने जमली होती. ही वही पुढे ‘लिबेर व्हेरिटाटिस’, म्हणजे ‘सत्याचा ग्रंथ’, या नावाने प्रसिद्ध झाली.

२/ नवल असे की, या सत्याच्या ग्रंथात रंगच नाहीत. काही पाने पांढरी, काही निळी. त्यांवर लेखणीच्या रेषा आणि तपकिरी शाईचे पातळ-दाट हात. निळा समुद्र, सोनेरी संध्याकाळ, हिरवी झाडी यांपैकी काहीही नाही. तरीही मूळ चित्र चटकन ओळखू येते. मग रंग वगळूनही ओळख पटवणारे ते काय होते?

३/ उत्तर आहे उजेड-अंधाराच्या पायऱ्यांत. चित्रकलेचे विद्यार्थी त्यांना ‘टोन’ किंवा ‘व्हॅल्यू’ म्हणतात. डोळे किलकिले करून देखाव्याकडे पाहिले की रंग मावळतात आणि गडद, मध्यम, फिकट असे मोजके पट्टे उरतात. क्लोदची मांडणी याच पट्ट्यांवर उभी आहे: जवळची झाडे गडद, मधले पाणी मध्यम, दूरचे डोंगर हवेच्या थरामुळे फिकट आणि सर्वांत उजळ आकाश.

४/ ही दृष्टी त्याला आयती मिळाली नव्हती. त्याचा जर्मन चित्रकार मित्र योआखिम फॉन झांड्रार्ट याने लिहून ठेवले आहे की, क्लोद पहाटेपूर्वीच रानात जाऊन पडे आणि रात्र होईपर्यंत उजेड कसा बदलतो ते न्याहाळत राही. शिकण्याची सुरुवात कुंचल्याने नव्हे, पाहण्याने झाली होती.

५/ १७७७ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड अर्लम याने या वहीतील रेखाटनांवरून तयार केलेले छाप प्रसिद्ध झाले. त्यामुळे मूळ चित्रे कधीही न पाहिलेल्यांनाही क्लोदचा उजेड तपकिरी शाईत अभ्यासता येऊ लागला. याच शहरात जे. एम. डब्ल्यू. टर्नर वाढत होता. क्लोदच्या एका बंदराच्या चित्रापुढे तरुण टर्नरला रडू कोसळले, कारण आपल्याला असे कधीच जमणार नाही असे त्याला वाटले, अशी आठवण सांगतात.

६/ त्या रडण्याचे पुढे आव्हानात रूपांतर झाले. १८०७ मध्ये टर्नरने ‘लिबेर स्टुडिओरम’, म्हणजे ‘अभ्यासांचा ग्रंथ’, काढायला घेतला. पर्वत, समुद्र, कुरणे, वास्तू अशा वर्गांत निसर्गचित्राचे सगळे प्रकार दाखवायचे, तेही एकाच तपकिरी शाईत. योजना शंभर चित्रांची होती; १८१९ पर्यंत ७१ प्रसिद्ध झाली आणि काम थांबले. आज रंगांचा जादूगार म्हणून ओळखला जाणारा हा माणूस सुमारे एक तप रंगाविना चित्र उभे करत होता.

७/ त्यासाठी निवडलेले छपाईचे तंत्र, मेझोटिंट, हाही एक धडाच होता. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडे खरबरीत करतात. तसाच छापला तर कागद पूर्ण काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे अंधार आधीपासून असतोच. प्रत्येक ढग, प्रत्येक लाट त्यातून कष्टाने बाहेर काढावी लागते.

८/ १८५७ मध्ये जॉन रस्किनने नवशिक्यांसाठी चित्रकलेचे पुस्तक लिहिले. त्यात पहिले पाऊल होते एक साधा चौकोन. तो आधी एकसारख्या छटेने भरायचा, मग गडदापासून फिकटापर्यंत सलग उतरता करायचा. टर्नरच्या त्या ग्रंथातील छापांवरून सराव करायलाही तो सांगतो. रंगांचा पाठ फार उशिरा येतो. उतावीळ शिष्याला ही शिक्षा वाटे. पण छटा चुकली तर सुंदर रंगही चित्र वाचवत नाही.

९/ त्याच १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पुढे तिथे शिकलेल्या सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आज म्हैसूरला आहे. ते निसर्गचित्र नव्हे. पण त्याचे कृष्णधवल छायाचित्र पाहिले तरी दिवा तेवतोच, कारण तो भोवतालच्या अंधाराच्या मापाने उजळलेला आहे.

१०/ टर्नर १८५१ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात एक अट होती: आपली दोन चित्रे राष्ट्राला द्यावीत, मात्र ती क्लोदच्या दोन चित्रांशेजारीच टांगावीत. त्या दोहोंपैकी एक बंदराचे आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ही चौकडी एकत्र पाहायला मिळते. तिच्यासमोर उभे राहणाऱ्याने क्षणभर डोळे किलकिले करून पाहावे.