रक्ताची रोजकीर्द

आम्ही कॉमर्सवाले. शास्त्राशी नाते दहावीतच तुटले. पण गेल्या पावसाळ्यात दादाला डेंग्यू झाला आणि रक्ताचा हिशेब माझ्याकडे आला. वहीच्या मागल्या पानावर मी रोज प्लेटलेटचा आकडा मांडू लागलो : ९२,०००, ६१,०००, ३८,०००. एरवी मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख हव्यात!

पाचव्या दिवशी ताप उतरला. आईने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र म्हणाले, "ईग हुशार इरबेकु." आताच जपायला हवे, ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त दाट होते, हिमॅटोक्रिट चढतो. तो रकाना मी वहीत आखलाच नव्हता. आईला मराठीत सांगितले, "दादाला हुशारी येतेय म्हणतात." खोटी नोंद!

पुढे ग्रंथालयात वाचले, की प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुकडे. त्यांच्याही अंगावरून धूळ झडते. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली तिला 'प्लेटलेटची धूळ' असेच म्हटले. हे कण मायक्रॉनहून लहान. नेहमीच्या मोजणीत येत नाहीत. मलेरिया-डेंग्यूच्या रुग्णांत ते लेसरच्या यंत्राने मोजतात. गंमत अशी, की नळी हिंदकळली किंवा उशीर झाला तर नळीतच नवी धूळ तयार होते. म्हणजे जमा आजाराची की हमालीची, तेच कळायचे नाही.

नवव्या दिवशी आकडा १,१०,००० झाला. दादा घरी आल्यावर मी आईपाशी त्या भाषांतराची कबुली दिली.

ती भाकरी थापतच म्हणाली, "एवढं कन्नड मला कळतंय की रे!"