शूज अजून रॅकवरच

जानेवारीतला मुंबई मॅरेथॉनचा रविवार. पहाटे साडेचारला जाग आलीच. ४२.१९५ किलोमीटरवाले आता सीएसएमटीपाशी जमले असतील. परतीचा पेडर रोडचा चढ आठवला आणि, खोटं कशाला बोलू, जरा पोटात तुटलं. बावन्नाव्या वर्षी शेवटी गुडघ्यानेच हात टेकले.

मग पर्वती. १०३ पायऱ्या. चढताना त्रास नाही. उतरताना मात्र वाटीवर सगळा भार येतो, म्हणून कठड्याला धरून, तिरका, एकेक पायरी. मागून नऊवारीतल्या आजी आल्या, हातात फुलांची परडी. "सरका हो जरा," म्हणत झपझप खाली उतरल्यासुद्धा.

पूर्वी कुणी मागे टाकलं की आपोआप वेग वाढायचा. आज सरकलो. खाली उतरून घड्याळ बघायचंही राहिलं. घरी येताना पोहे घेतले.