ट्रॅक सगळ्यांचा, मग पाणी कोण मारणार?

पोस्ट जरा लांब आहे. खरं तर ही पेपरातली बातमी. पण मी ती देऊ शकत नाही, कारण यात माझेही ६० हजार रुपये आहेत. ज्यात आपले पैसे, त्याची बातमी आपण करायची नाही, हे डिप्लोमाला शिकवलं होतं आणि तेवढं मी पाळतो. म्हणून इथे लिहितोय, स्वतःच्या नावाने.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. गावाबाहेरच्या मोटोक्रॉस ट्रॅकचा विषय त्यात निघणार आहे. काहींच्या मते तो पोरांचा धिंगाणा. बाकीच्यांना तिथे काय चालतं हेच माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी बातमी केली होती, 'बायपासवर टवाळखोरांचा उच्छाद'. मथळा माझाच. पुढचं चाक उचलून पोरं ट्रकच्या मधून गाड्या काढायची. अल्पवयीन पोरगं रस्त्यावर गाडी चालवताना सापडलं तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, ही २०१९ ची दुरुस्तीही मी चौकटीत छापली. पोलिसांनी गाड्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी एक गॅरेजवाला ऑफिसात आला. म्हणाला, "भाऊ, बातमी खरी हाय. पण पोरांनी गाडी चालवायची कुठं, ते बी लिवा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच्या गॅरेजात सी. एस. संतोषचं पोस्टर आहे. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. आपल्याकडे सुपरक्रॉसच्या स्पर्धा होतात, पण बऱ्याचदा मैदानावर डंपरने माती ओतून ट्रॅक करतात, रविवारी स्पर्धा होते आणि मग सगळं सपाट. म्हणजे स्पर्धा आहे, पण सरावाला जागा नाही. कुस्तीचं मैदान भरवायचं आणि तालीम बांधायचीच नाही, असला प्रकार.

मग जागा बघायला सुरुवात झाली. आपल्या माणदेशात माळ काय कमी आहे? पण कागदावर बघा. जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन थेट घेता येत नाही. एकाने सुचवलं, माझं सातबाऱ्यावर नाव आहे, माझ्या नावावर घेऊ, ट्रॅक सगळ्यांचा. मी म्हटलं, आज तू आहेस, उद्या तुझे भाऊ वाटणी मागतील. सातबारा ज्याचा, ट्रॅक त्याचा. एका पुढाऱ्याने जागा फुकट देऊ केली, अट एकच, कमानीवर साहेबांचं नाव. पोरांनी नमस्कार करून चहा पिला आणि परत आली. त्याचं मला कौतुक वाटलं.

शेवटी बंद पडलेल्या खडी क्रशरची ३ एकर जागा मिळाली. आधीच बिनशेती झालेली. पैसे भिशीसारखे जमवले, माणशी महिन्याला ३ हजार, २० महिने. साठेखत केलं, हप्ते फिटल्यावर खरेदीखत झालं.

ते खरेदीखत कोणा माणसाच्या नावावर नाही, नोंदणी केलेल्या संस्थेच्या नावावर आहे. अशी सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे वकिलांनी बैठकीत सांगितलं तेव्हा एकदम शांतता झाली. "मग माझे ६० हजार परत कसे मिळणार?" मिळणार नाहीत. भाव वाढला तरी हिस्सा नाही. पैसे देऊन प्रत्येकाला एक मत मिळणार, बस्स. ५१ जण होतो, त्या दिवशी ९ उठून गेले. राहिले ४२. उठून गेलेल्यांना मी वाईट म्हणणार नाही. ६० हजार ही आपल्याकडे लहान रक्कम नाही.

मला वाटलं, अवघड काम झालं. चूक. पैसे जमवणं हेच सोपं होतं.

ट्रॅक एकदा करून सोडून देता येत नाही. चार रविवार गाड्या फिरल्या की वळणावर चर पडतात, ब्रेक लागतात तिथे उंचवटे उठतात. ट्रॅक्टरला फळी लावून माती परत सारखी करावी लागते. पाणी मारलं नाही तर धुरळ्यात पुढची गाडी दिसत नाही. गाडी उडवायला सगळे सकाळी सातला हजर. पाणी मारायला मंगळवारी चार डोकी, त्यातलं एक माझं.

मग एक पोरगं उंचवट्याच्या पलीकडे पडलं. मागून येणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, तो वरून त्याच्या अंगावरच उतरला असता. थोडक्यात वाचलं, हासळीच्या हाडावर भागलं. पिवळा झेंडा घेऊन तिथे उभं राहायचं काम ज्याचं होतं, तो मोबाईलवर बोलत होता. तेव्हापासून नियम आहे. एक फेरी गाडीवर, एक फेरी झेंडा घेऊन उन्हात. झेंडा नाही तर गाडी नाही. दवाखान्यात न्यायला गाडी उभी नसेल तर त्या दिवशी सराव बंद. १८ च्या आतल्यांना आई किंवा वडील स्वतः हजर असल्याशिवाय आत सोडत नाही.

आता मूळ मुद्दा. पावसाळ्यात क्रशरच्या जुन्या खड्ड्यात पाणी साठतं, ते माघापर्यंत पुरतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ट्रॅकसाठी टँकर विकत घेतला. तो आत वळत असताना रस्त्यावर घागरी घेऊन बसलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "लेकरा, आमच्या पाण्याच्या बातम्या तूच लिवतोस नव्हं?"

आजी एवढंच बोलल्या. वीस वर्षं मी टंचाईच्या बातम्या देतोय. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या बैठकीत ठराव मांडला, होळीपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत ट्रॅक बंद. टँकर विकतचा असला तरी नाही. खूप भांडण झालं. जे सगळ्यात चांगले चालवतात, त्यांचाच विरोध. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन-चार महिने हात बंद ठेवून स्पर्धेला कसं उतरायचं? माझा पुतण्या त्यातलाच. मतदान झालं, २३ विरुद्ध १९. ट्रॅक बंद राहिला. पुतण्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण हप्ता चुकवला नाही आणि पाऊस पडल्यावर पहिल्या मंगळवारी पाण्याचा पाईप धरायला तोच आला.

जागा एका मालकाची असती तर त्याने टँकर आणलाच असता, कारण त्याला तिकिटं विकायची असती. इथे ४२ जणांना गावात राहायचं आहे आणि त्या आजींच्या दारावरून जायचं आहे.

आवाजाची तक्रार खरी आहे. सायलेन्सर काढलेली गाडी आत घेत नाही, सराव फक्त रविवारी ७ ते ११, दहावी-बारावीच्या परीक्षेत बंद. एवढ्याने भागत नसेल तर ग्रामसभेत सांगा, लिहून घेऊ. बैलगाडा शर्यतीला २०१४ ला बंदी आली, तेव्हा आपणच म्हणत होतो ना, नियम घाला पण बंद करू नका? तेच मागणं आहे.

शुक्रवारी ११ वाजता, ग्रामपंचायतीसमोर. विरोध करायचा असेल तरी या. त्याआधी मंगळवारी संध्याकाळी ट्रॅकवर आलात तर उत्तम. एक पाईप कायम मोकळा असतो.