कड्यावरची एक रात्र, रुपये ४४,८४० फक्त!

खासगी पूल, दिमतीला बटलर आणि पायाखाली अख्खं कोकण... कड्यावरच्या लक्झरी व्हिलाची जाहिरात बघून तुमचंही मन डळमळतंय? मग कार्ड स्वाइप करण्याआधी डोंबिवलीहून खंडाळ्याला जाऊन आलेल्या दोघांचा हा रोखठोक हिशेब वाचाच!

डोंबिवलीच्या वन-बीएचकेत चार माणसं राहत असली, की कुजबुजत बोलायची सवय लागते. आमच्याकडे आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, बेडरूममध्ये आणि आम्ही दोघं हॉलमध्ये. टीव्ही दहाला बंद, दिवा साडेदहाला. माणसं लाखमोलाची, तक्रार काहीच नाही. पण लग्नाला दोन वर्षं होत आली तरी नवऱ्याशी मोकळ्या आवाजात बोलायचं, तर स्टेशनपर्यंतची रिक्षा हीच काय ती आमची प्रायव्हेट जागा!

त्यामुळे एका मोठ्या असाइनमेंटचं पेमेंट आलं आणि लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र खंडाळ्याच्या कड्यावर घालवायची, हे मी ठरवून टाकलं. रिसॉर्टचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारण खंडाळा-लोणावळ्यापासून गोव्यापर्यंत कड्यावर व्हिला थाटलेल्या बहुतेक ठिकाणांना विचारायचे प्रश्न हेच आहेत.

आधी आकडे

व्हॅली व्ह्यू व्हिलाचं एका रात्रीचं भाडं ३८,०००. भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६,८४०. (साडेसात हजार किंवा त्याच्या आतल्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५पासून फक्त ५ टक्के.) झाले ४४,८४०. नाश्ता त्यात, जेवण वेगळं. कांदाभजीची प्लेट ४५० रुपयांना! दर बघून नवऱ्याने मेन्यू कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही डिस्काउंट लिहिलंय का म्हणून.

आता खरी गंमत. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी अकराला. म्हणजे 'एक दिवस' हा २१ तासांचा. तासाला २,१०० रुपयांच्या वर. आम्ही उत्साहाच्या भरात कल्याणहून पुण्याची सकाळची गाडी पकडली. कर्जतला मागून घाटासाठी इंजिन जोडलं, तेवढ्यात गरमागरम वडापावही झाला. लोणावळ्याला उतरलो आणि दोन वाजेपर्यंत लॉबीत गवती चहाचं सरबत पीत बसलो. व्हिला रिकामा दिसत होता, पण नियम म्हणजे नियम.

दरी गेली ढगात

व्हिला मात्र सॉलिड! काळ्या दगडाच्या भिंती, बाहेर लाकडी डेक, डेकला लागून छोटा पूल आणि पूल संपतो तिथे सह्याद्रीही संपतो. खाली सरळ कोकण. फक्त एकच अडचण होती. ऑगस्ट होता आणि दरीच्या जागी पांढरी चादर होती.

खंडाळा-लोणावळ्याला वर्षाला चार मीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणातून आलेले ढग या कड्याला धडकून वर चढतात आणि इथेच रिकामे होतात. म्हणजे ज्या कड्यामुळे व्ह्यू आहे, त्याच कड्यामुळे तो पावसाळ्यात गायब! जाहिरातीतला हिरवागार फोटो पावसाळ्यातला असतो, पण तो ढग हटले त्या दहा मिनिटांत काढलेला असतो. आमच्या मागच्या रांगेतला गार्डन व्हिला २९,०००ला होता. त्यांनाही तेच धुकं दिसत होतं, नऊ हजार रुपये कमी देऊन!

आणि तो बटलर. मुलगा गुणी होता बिचारा, पण दर तासाला फोन. "मॅम, एव्हरीथिंग ओके?" चौथ्या फोननंतर नवरा म्हणाला, "आईसुद्धा एवढं विचारत नाही गं."

दरी दिसली, पण...

संध्याकाळी सहाच्या सुमारास वारा फिरला आणि चादर बाजूला झाली. नागफणीचं टोक, म्हणजे इंग्रजांचं ड्यूक्स नोज, आणि खाली खोपोली. कुठूनतरी घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी आली. या घाटातून १८६३मध्ये रेल्वे सुरू झाली. खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५पासून आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी पाइपांतून कड्याखाली उतरवायचं आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, अशी ती योजना. म्हणजे या उंचीचे पैसे करणारे रिसॉर्टवाले काही पहिले नव्हेत. टाटांनी उंचीची वीज केली, हे लोक व्ह्यू करतात.

हे सगळं बघत डेकवर बसलो आणि मग आम्ही भांडलो. चांगलं मोठ्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा.

विषय जुनाच, वेगळ्या घराचा. घरी तो 'नंतर बोलू'वर संपायचा, कारण भिंतीपलीकडे आई-बाबा जागे असायचे. इथे भिंतीपलीकडे दरी होती. "आईबाबांना काय सांगायचं?" त्याने आवाज चढवून विचारलं. "जे आहे ते," मीही तेवढ्याच आवाजात म्हणाले. तासभर बोललो. रडणं झालं, हसणं झालं. ढग परत आले, दरी गेली, आमच्या लक्षातही आलं नाही.

रात्री बिल डोळ्यांपुढे आलं आणि ट्यूब पेटली. ठाण्याला घोडबंदर रोडवर आम्ही बघून ठेवलेल्या वन-बीएचकेचं भाडं महिन्याला २४,०००. एका रात्रीच्या पैशांत जवळजवळ दोन महिने! आम्ही दरीसाठी पैसे मोजतोय असं समजत होतो. खरं म्हणजे मोजत होतो ते बंद होणाऱ्या दारासाठी.

कडा फुकट असतो

तुम्ही म्हणाल, मग दरीचं काय? अहो, ठाणे-कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी कड्यासाठी पैसे मोजावेत, हाच मोठा विनोद आहे. आपल्या दाराशी सह्याद्री उभा आहे. डोंबिवलीहून कर्जत लोकलने तासाभरात नेरळ, तिकीट वडापावच्या किमतीत. तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, पुढे पायी किंवा घोड्यावर माथेरान. हे माथेरान १८५०मध्ये इंग्रजांच्या नजरेत आणलं ते ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. म्हणजे ठाणेकरांचा वीकेंडचा हक्क पावणेदोनशे वर्षं जुना! दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यामुळे पॉइंटवर उभं राहिलं की हॉर्न नाही, वारा ऐकू येतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट गाठला, तर घाटमाथ्यावर एमटीडीसीचं निवासस्थान आहे. तिथेही कडा तोच, ढग तेच.

डिसेंबरमध्ये आम्ही चौघं माथेरानला गेलो. आई घोड्यावर, बाबा हट्टाने पायी. लुईझा पॉइंटवर स्वच्छ ऊन, समोर प्रबळगड. नवऱ्याने घसा खाकरला आणि घराचं सांगितलं. आई बराच वेळ दरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई. मलाही रात्री हॉलमध्ये सीरियल बघायची असते. तुम्ही झोपता म्हणून बोलत नव्हते." बाबांनी चिक्कीचा पुडा फोडला आणि विषय संपला!

मग घ्यायचा का व्हिला?

दरीसाठी घेत असाल, तर नको. ती माथेरानला फुकट आहे आणि डिसेंबरात दिवसभर दिसते. पूल आणि फोटोंसाठी घेत असाल, तर मित्रांच्या ग्रुपमध्ये मोठा बंगला वाटून घ्या, खिसा वाचेल. पण घरात चार माणसं आणि तुमच्यात एखादं राहून गेलेलं बोलणं असेल, तर एकदा, एकच रात्र, जरूर जा. फक्त परत आल्यावर त्या पैशांत महिन्याचं काय काय बसतं, तेही मोजा. आम्ही मोजलं. येत्या महिन्यात घोडबंदरला सामान हलवतोय. तिथे खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग दिसतं. व्ह्यू म्हणाल तर शून्य, पण दार आमचं आहे!

बुकिंगआधी हे विचारा

- सांगितलेलं भाडं जीएसटी धरून आहे की वगळून?
- लवकर चेक-इन मिळेल का? वेगळे पैसे पडतील का? जेवण पॅकेजमध्ये आहे का?
- जून ते सप्टेंबर जाणार असाल, तर व्हॅली व्ह्यूचे जादा पैसे देऊ नका. दरी बघायची असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी.
- शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारचा दर वेगळा विचारा, घासाघीस करायला लाजू नका.
- बटलरला पहिल्याच भेटीत प्रेमाने सांगा, "लागलं तर आम्हीच फोन करू."