लक्ष लागत नाही त्यांच्यासाठी मंचरला एक वार हवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. दोन हप्त्यांत वाचली तरी चालेल, मीही ती चार बैठकांत लिहिलीय.

एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वर्गात बाकावरून उड्या मारणारं पोरगं येतं. पण ते पोरगं मोठं होतंच ना. मिसरूड फुटतं, लग्न होतं, सातबाऱ्यावर नाव लागतं. उड्या कमी होतात, डोक्यातली पळापळ तशीच राहते. मग गाव त्याला वेंधळा म्हणतं, बेभरवशाचा म्हणतं, "डोकं आहे रे, पण एका जागी टिकत नाही" म्हणतं. बाई असेल तर दूध उतू गेल्यापासून सगळ्याचा हिशेब तिच्या वळणावर निघतो.

माझं निदान अडतिसाव्या वर्षी झालं, पुण्यात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला नाही, आईला विचारला. "हा चौथी-पाचवीत कसा होता?" कारण या दुखण्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. मोठेपणी अचानक लक्ष लागेनासं झालं, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं : झोप, थायरॉइड, नैराश्य, दारू. रील बघून बघून प्रत्येकाला एडीएचडी होत नाही, हेही सांगून टाकतो.

जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज असा, की प्रौढांमध्ये साधारण अडीच टक्के लोकांना हे असतं. २०११ च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव मिळून सहा लाखांच्या वर माणसं होती. त्यातली चार लाख प्रौढ धरा. दहा हजार होतात. हा माझा बोटांवरचा हिशेब आहे, सर्वेक्षण नाही. पण निम्मे धरले तरी थोडे नाहीत.

आणि आपल्याकडे हे दुखणं महाग पडतं, कारण आपला सगळा धंदा तारखांचा. टोमॅटोची बांधणी दोन दिवस लांबली तर झाड जमिनीवर लोळतं. ढगाळ हवेत फवारणी राहिली तर करपा थांबत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज शून्य, तारीख हुकली की सवलत गेली. ई-पीक पाहणीचंही तेच. खिशात पैसे असून तारीख हुकलेली माणसं मी पाहिलीत. सोसायटीच्या दृष्टीने तो थकबाकीदार. घरच्यांच्या दृष्टीने काय, ते लिहायला नको.

आता उपचाराचं. गोळीने फरक पडतो, मला पडलाय. डोक्यातला बाजार जरा शांत होतो. पण गोळी वही लिहायला शिकवत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी ८६ प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे आधीपासून गोळ्या घेत होते, तरी त्रास उरलेलाच होता. निम्म्यांना बारा बैठकांची वर्तन-थेरपी दिली, निम्म्यांना माहिती आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायाम. थेरपीवाल्यांना स्पष्टपणे जास्त फायदा झाला. त्या बैठकांत काय शिकवतात, ऐकाल तर हसाल. एकच वही, एकच कॅलेंडर. मोठ्या कामाचे तुकडे. काम करताना दुसरं काही आठवलं तर उठायचं नाही, कागदावर टिपायचं आणि परत कामाला लागायचं. "आपल्याच्याने काही होत नाही" हा जो रेडिओ आत चालू असतो, त्याला उलटतपासणी. इतकंच. पण हे दर आठवड्याला कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं, नाहीतर वही तिसऱ्या दिवशी गाडीच्या डिकीत जाते.

इथेच खरी अडचण आहे. या दुखण्याच्या उपचाराला जे लागतं, नेमकं तेच या माणसाकडे नसतं. तारीख लक्षात ठेवा, फाइल घ्या, पहाटे निघा, चाकणच्या ट्रॅफिकमधून दहाच्या आत पोहोचा. उशीर झाला तर नंबर गेला. एक नंबर गेला की पुढच्या खेपेला लाज वाटते, आणि तिसरी खेप होत नाही. गोळीचं आणखी वेगळं. मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. त्यासाठी दुकानदाराला स्वतंत्र परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याने दोन वर्षं जपायची असते. नियम चुकीचा म्हणत नाही मी, गैरवापर होतो. पण विसराळू माणसाला गोळीसाठी महिन्याला तालुक्याबाहेर पाठवायचं, हे पांगळ्याला दवाखान्याचा जिना दाखवण्यासारखं आहे. (अ‍ॅटोमोक्सेटिन नावाचं दुसरं औषध साध्या चिठ्ठीवर मिळतं. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात. इनबॉक्समध्ये डोस विचारू नका.)

सोबत हाही उपचाराचाच भाग आहे. शहरातले लोक आता एकमेकांचे व्हिडिओ चालू ठेवून आपापलं काम करतात, नुसती कुणाची हजेरी असली तरी हात चालतो म्हणून. आपल्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. डोंगरउतारावर भातखाचरं पाडायला सगळ्यांनी मिळून एकेकाच्या रानात जायचं. एकट्याच्याने सुरू न होणारं काम सोबतीने सुरू होतं, हे आपल्याला कुणी बोस्टनहून येऊन सांगायची गरज नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८ : रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ मिळावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकाचंही पद आहे. म्हणून मागणी एवढीच : मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला वार, शक्यतो आठवडे बाजाराचा, म्हणजे माणूस तसाही येतो. आदल्या दिवशी आठवणीचा फोन. क्षयरोगाच्या पेशंटचा पाठपुरावा आपली यंत्रणा करतेच, ही काही नवी विद्या नाही. मधल्या आठवड्यांत समुपदेशकाचा पंधरा मिनिटांचा फोन. आणि दोन्ही तालुक्यांत मिळून निदान एका औषध दुकानाला तो परवाना. हे काम आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका, त्यांच्याकडे आधीच बारा रजिस्टरं आहेत.

तोवर काय? टेलि-मानस, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथून निदानाचा कागद मिळणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते विचारता येतं. 'एडीएचडी कोच' म्हणून तीन महिन्यांचं पॅकेज विकणाऱ्यांना मात्र आधी शिक्षण विचारा. कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर मागायला लाजू नका. चांगले कोचही आहेत, पण निदान करणं हे त्यांचं काम नाही.

निवेदन तयार आहे. ज्यांना सही करायचीय त्यांनी मेसेजमध्ये फक्त गाव आणि महिन्यातला कोणता वार जमेल ते कळवा. स्वतःसाठी की घरातल्या कुणासाठी, हे सांगायची गरज नाही. आणि मी उत्तर द्यायला विसरलो तर दुसऱ्यांदा मेसेज टाका, राग येत नाही.