दोनशे एकेचाळीस

ज्या महाविद्यालयाच्या खिडकीवरून माझ्या नातीचा प्रवेश-अर्ज परत आला, त्याचे नाव येथे लिहिण्याचा माझा मानस नाही; परंतु त्या प्रसंगाचा सल अद्याप निघालेला नाही, आणि या वयात सल मनात वागविण्यापेक्षा कागदावर उतरविणे प्रकृतीस अधिक मानवते, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. आम्ही बदनावरचे. धारच्या पवारांच्या दफ्तरात कारकुनी करण्यासाठी आमचे पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दफ्तर गेले आणि आम्ही येथेच राहिलो. घरात मराठी, बाजारात माळवी आणि कचेरीत हिंदी, असा तेव्हापासूनचा आमचा शिरस्ता आहे. मी सिंचाई खात्यात ओव्हरसियर होतो. माझ्या नातीने दहावीनंतर 'अप्लाइड मॅथ्स', म्हणजे उपयोजित गणित, हा विषय घेतला. सी.बी.एस.ई.ने हा विषय अकरावीसाठी २०२० साली सुरू केला असून, ज्यांना पुढे अभियांत्रिकीकडे किंवा भौतिक विज्ञानांकडे जावयाचे नाही, पण वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्रे यांसाठी गणित हवे आहे, अशांच्या सोयीसाठी तो काढला आहे.

आमच्या विद्यार्थिदशेत उपयोजित गणित म्हणजे स्थितिशास्त्र आणि गतिशास्त्र. इंदुरास शिकलेल्या काकांकडून लोनीसाहेबांचे पुस्तक माझ्याकडे आले होते, आणि त्यातील गुळगुळीत भिंतीला टेकलेल्या शिड्या, वजनरहित कप्प्या व न ताणणारे दोर यांच्या सहवासात माझी दोन वर्षे परमानंदात गेली. आमच्याकडे विहिरीवर चडस, म्हणजे चामड्याची मोट, चालत असे. ती ओढणाऱ्या बैलांची धाव नेहमी उताराचीच का बांधतात, हे मला त्या पुस्तकामुळे कळले. उतारावरून खाली जाणाऱ्या बैलाच्या स्वतःच्या वजनाचा एक घटक त्याच्या ओढीत मिळतो आणि पाण्याने भरलेले चामडे वर येण्यास तेवढे साहाय्य होते. बैल रिकाम्या चडशीने चढ चढून परत येतो तेव्हा हाच घटक त्याच्या विरुद्ध जातो, परंतु त्या वेळी ओढावयाचे काहीच नसते. ज्या कोणा निरक्षर शेतकऱ्याने ही व्यवस्था प्रथम योजिली, त्याच्याविषयी मला तेव्हापासून अपार आदर वाटतो.

साहजिकच नातीच्या पुस्तकात चक्रवाढ व्याज, मासिक हप्ते, कर्जरोख्यांचे मूल्यांकन, ऋणपरिशोधन निधी आणि यंत्रसामग्रीचा घसारा असे मथळे दिसले, तेव्हा हे गणित नव्हे, ही सावकाराची खतावणी आहे, असे मी तिला स्पष्ट सांगितले. तिने ते मनावर घेतले नाही.

आता खिडकीकडे वळतो. २०२३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एका मोठ्या शहरात गेलो. तिला अर्थशास्त्र आणि सांख्यिकी घेऊन पदवी करावयाची होती. माहितीपत्रकात अट होती ती 'बारावीस गणित' एवढीच. गुण अटीपेक्षा पुष्कळ अधिक होते. खिडकीमागील कारकुनाने गुणपत्रिका हाती घेतली, विषयांच्या नावांकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि नावांच्या शेजारी छापलेल्या संकेतांकांवरून बोट फिरवीत ते २४१ या आकड्यावर थांबविले. "दादाजी, ये मैथ्स नहीं है, ये अप्लाइड है," असे म्हणून त्याने कागद परत सरकविला.

हा आकडा नीट समजावून दिला पाहिजे, कारण सारा अनर्थ त्यात आहे. सी.बी.एस.ई.च्या बारावीत गणिताचा संकेतांक ०४१ आणि उपयोजित गणिताचा २४१. आता दहावीतही गणिताचे दोन प्रकार आहेत, एक 'स्टँडर्ड' आणि दुसरा सोपा, 'बेसिक'. त्यांतील स्टँडर्डचा संकेतांक ०४१ आणि बेसिकचा २४१. म्हणजे ज्याला गणित जड जाते त्याच्यासाठी दहावीत ठेवलेल्या सोप्या प्रश्नपत्रिकेचा आकडा आणि बारावीतील एका स्वतंत्र, भरभक्कम विषयाचा आकडा एकच! त्या कारकुनाच्या हातून दरसाल शेकडो गुणपत्रिका जात असणार. त्याच्या लेखी २४१ म्हणजे कच्च्या मुलांचे गणित, हा निकाल केव्हाच लागला होता. हे आकडे कोणी, कोणत्या मेजावर, कोणत्या घाईत ठरविले असतील ते असोत; पण एका मुलीचे एक वर्ष त्यांच्यावर टांगले गेले.

मी हटलो नाही. दुपारच्या उन्हात त्या खिडकीपुढे उभा राहून मी अभ्यासक्रमाची यादीच म्हणून दाखविली: सारणी, निश्चयक, विकलन, संकलन, विकलसमीकरणे, रेषीय प्रायोजन, ही दोन्हीकडे समान; सदिश, त्रिमिती भूमिती आणि व्यस्त त्रिकोणमिती हिच्याकडे नाहीत हे मान्य, परंतु प्वासाँचे वितरण, सामान्य वितरण आणि टी-चाचणी ही हिच्याकडे आहेत आणि तुमच्या ०४१ मध्ये नाहीत, आणि सांख्यिकी शिकावयास येणाऱ्या मुलीला यांपैकी अधिक उपयोगी काय? मागे रांग वाढत होती. कारकुनाने अखेर आतून प्रवेश-समितीवरील एका प्राध्यापकास बोलाविले. ते सभ्य होते, हे नमूद केले पाहिजे. उपयोजित गणितात नळ आणि हौद यांची उदाहरणे असतात, ती आम्ही आठवीत सोडविली, असे ते किंचित हसून म्हणाले.

हे वाक्य मला झोंबले. नळ आणि हौद 'लीलावती'त आहेत, व्याज आहे, निरनिराळ्या कसांच्या सोन्याचे मिश्रण आहे, आणि ते ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांना हीन वाटले नाही, असे मी त्यांना ऐकविले. त्याच भास्कराचार्यांच्या एका पूर्वजास आमच्या धारच्या भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचे चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात कोरलेले आहे, हेही मी सांगितले. त्याचा प्रवेशाशी काय संबंध, हे मलाही ठाऊक नव्हते, पण बोलण्याच्या भरात माणूस धारचे नाव घेणारच. टी-चाचणीचा जनक गॉसेट हा डब्लिनमधील गिनेसच्या मद्याच्या कारखान्यात नोकर होता आणि १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने तो निबंध छापला, म्हणून ते गणित काय गुत्त्यातले समजावयाचे? प्राध्यापकांनी सर्व ऐकून घेतले आणि २४१ हा विषय ०४१ शी समकक्ष असल्याचे लेखी प्रमाणपत्र आणल्यास विचार करू, असे सांगून ते आत गेले. ते प्रमाणपत्र द्यावयाचे कोणी? शाळा म्हणे, आम्हांस अधिकार नाही; शाळेने वरच्या कचेरीकडे बोट दाखविले, आणि तेथून उत्तर येण्यापूर्वी अर्जाची मुदत संपली. नातीने दुसरीकडे वाणिज्य शाखेत नाव घातले.

पालकांना माझे सांगणे असे की, अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीच इच्छित महाविद्यालयाची अट लेखी मागवावी, तोंडी उत्तरावर विसंबू नये. केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणित आणि उपयोजित गणित यांची एकच प्रश्नपत्रिका असते, पहिला विभाग दोघांना समान आणि पुढचा आपापला. असा सुबुद्ध मार्ग उपलब्ध असता प्रत्येक संस्थेने आपली वेगळी चूल का मांडावी, हे मला उमगत नाही.

आणि तरीही, परतीच्या बसमध्ये लेबडचा फाटा मागे पडल्यावर माझ्या मनात आले की, त्या समितीवर मी असतो तर काय केले असते? ज्या गणितात बलांचा समांतरभुज चौकोन नाही, लामीचा सिद्धांत नाही, फेकलेल्या दगडाचा मार्ग नाही, त्यास मी गणित म्हटले असते काय? प्रामाणिक उत्तर अडचणीचे होते. नात खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती. मी गप्प राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या मुलाने माल वाहण्यासाठी एक जुनी गाडी हप्त्याने घेण्याचे ठरविले. तीन लाख रुपये, तीन वर्षांची मुदत, दर 'फ्लॅट' दहा टक्के. म्हणजे व्याज नव्वद हजार, एकूण तीन लाख नव्वद हजार, ३६ हप्ते आणि दरमहा १०,८३३ रुपये. मुलगा बी.एस्सी. आहे, गणितात प्रथम श्रेणी. त्याला दर वाजवी वाटला, मलाही वाटला. नातीने त्या हप्त्यांच्या कोटेशनच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली आणि खरा दर अठरा टक्क्यांच्या जवळ पडतो असे सांगितले. मुद्दल दरमहा फिटत जाते, पण व्याज मात्र अखेरच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवर आकारले जाते. पस्तीस हप्ते फिटल्यावर देणे जेमतेम दहा हजारांचे उरलेले असता व्याज तीन लाखांचे! मी तिची रीत पुन्हा पुन्हा तपासली. तीत खोट सापडली नाही. मुलाने बँकेत चौकशी केली आणि दहाऐवजी बारा टक्के ऐकूनही तेथूनच कर्ज काढले, कारण ते बारा टक्के घटत्या बाकीवर होते. गुळगुळीत भिंतीवरची शिडी मला जन्मात कोठे भेटली नव्हती, हे त्या दिवशी मला मनातल्या मनात कबूल करावे लागले.

यंदा धाकटा नातू दहावी झाला. कोणते गणित घ्यावे, असे त्याने विचारताच मी क्षणाचाही विलंब न लावता ०४१ असे म्हणालो. नात संतापली. "आजोबा, मग त्या खिडकीवर तुम्ही इतका वेळ भांडत कशासाठी होता?" असे तिने विचारले, आणि मी जे काही उत्तर दिले ते इतके लांबले की ऐकता ऐकता ती उठून गेली. नातवाने आमच्या दोघांचेही न ऐकता जीवशास्त्र घेतले आणि गणित साफ सोडून दिले.