आधी पीळ बघा!

लोकरीला पीळ असतो आणि पुढचं सगळं तो पीळच ठरवतो! स्वेटर सैलावणार की अंगाला धरून राहणार, जाळी उघडी दिसणार की मिटून जाणार, कोपरावर बोंडं धरणार की नाही, शाल खांद्यावरून ओघळणार की ताठ उभी राहणार, हे बरंचसं सुईवर पहिला टाका घालायच्या आधीच त्या धाग्यात ठरलेलं असतं. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. घरातला प्रत्येक स्वेटर उलटा करून, आतला धागा उजेडात धरून, त्यात किती पदर आहेत ते मोजून झालंय. शेजारच्यांचेही मोजलेत.

हे सगळं घडलं पुण्यात, लक्ष्मी रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका बोळातल्या लोकरीच्या दुकानात. दुकान जुनंच आहे. दर्शनी भागात लहानपणापासून पाहिलेली ती भिंत आहे, जमिनीपासून छतापर्यंत प्लॅस्टिकच्या पुड्यांतली लुधियानाची ॲक्रिलिक लोकर. वर्धमान, ओसवाल ही नावं आमच्या घरात चहा-साखरेइतकी रुळलेली. तिथे जाऊन आपण म्हणायचं, "मरून दाखवा," "राणी कलर आहे का?", आणि मग दुकानदार काठीने वरची पुडी पाडायचा. लोकर म्हणजे रंग, बस्स. त्या लोकरीबद्दल मला मनापासून आदर आहे. तिला कसर लागत नाही, ती कशीही धुतली तरी चालते आणि महाराष्ट्रातल्या कित्येक बाळांची टोपडी-मोजे तिनेच पुरवले आहेत. पण आता त्या भिंतीच्या मागे, पूर्वी हिशेबाच्या वह्या असायच्या त्या खोलीत, नवा माल आलाय. खोली कसली, खजिनाच आहे तो!

मी सवयीने एका निळ्या लडीकडे हात नेला. दुकानातल्या काकू म्हणाल्या, "रंग नंतर बघ गं. आधी पीळ बघ." त्यांनी लडीचं टोक घेतलं, चिमटीत धरून उलट्या बाजूला फिरवलं आणि धागा माझ्यासमोर उकलला. आत काहीच निघालं नाही. एकच जाड, मऊ, जेमतेम पीळ दिलेला पदर. मग दुसरी लडी उकलली, तर त्यात दोन पदर. तिसरीत तीन. मोज्यांच्या लोकरीत चार बारीक पदर, इतके घट्ट वळलेले की धागा सोडल्याबरोबर स्वतःभोवतीच गुरफटला.

आणि मग त्यांनी या चारही लोकरींचे विणलेले तुकडे टेबलावर मांडले. वीण एकच, सुया सारख्या, पण दिसायला चार वेगळ्या वस्तू! एकपदरीचा तुकडा लुसलुशीत, वर हलकी लव आलेली, गळ्याशी घ्यावासा वाटणारा. पण घासला की बोंडं धरणार, म्हणून त्याचा मफलर करावा, बाह्या नव्हे. तीनपदरी धागा गोल भरतो, त्यामुळे प्रत्येक टाका वेगळा उठून दिसतो. वेणीची वीण घालायची तर हाच. दोनपदरी धागा चपटा बसतो, त्याचे पदर एकमेकांपासून थोडे लांब सरकतात, आणि त्यामुळेच जाळीकामातली भोकं उघडी राहतात. मी आजवर जाळीची शाल गोल भरलेल्या धाग्याची करत आले होते आणि ती नक्षी डोळ्यांत का भरत नाही याचं नवल करत होते. उत्तर एवढंसं होतं!

मग काडेपेटी निघाली. लोकरीच्या दुकानात काडेपेटी! काकूंनी एका स्टीलच्या ताटलीत दोन धाग्यांचे तुकडे ठेवले. ॲक्रिलिकचा पेटला, वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. मेंढीच्या लोकरीचा तुकडा कसाबसा जळला, काडी बाजूला केल्यावर आपणच विझला, जळक्या केसांचा वास आला आणि बोटाने दाबल्यावर त्याची भुकटी झाली. लोकर म्हणजे केसच, केराटिन. शाळेत हे वाचलं होतं, पण त्या वासाने ते पहिल्यांदा पटलं.

या केसावर खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्या खवल्यांच्या करामती ऐका. दोन लडींची टोकं जोडायची, तर गाठ मारायचीच नाही! दोन्ही टोकं थोडी पिंजायची, एकमेकांवर ठेवायची, पाण्याचे थेंब लावायचे आणि दोन्ही तळव्यांत जोरात चोळायची. खवले एकमेकांत अडकतात आणि धागा सलग होतो. मी ओढून पाहिला, तुटला नाही. आणि शेटलंड बेटांवरच्या विणणाऱ्या बायका तर याच्या कितीतरी पुढे गेलेल्या. त्या रंगीत नक्षीचा अख्खा स्वेटर नळीसारखा गोल विणतात आणि मग पुढून, बाह्यांशी, चक्क कात्रीने कापतात! विणलेलं कापायचं! काकूंनी तशाच चिकट, खरखरीत लोकरीचा तुकडा उभा कापून दाखवला. मी श्वास रोखून बघत होते. एकही टाका सुटला नाही. उभ्या कापलेल्या विणीतले टाके आडवे धावत नाहीत, आणि शेजारच्या धाग्यांना खवल्यांनी धरून ठेवलेलं असतं.

पण हेच खवले गरम पाण्यात, घासाघाशीत लोकर आटवतात. म्हणून 'सुपरवॉश' लोकरीचे खवले क्लोरीनची प्रक्रिया करून झिजवतात किंवा त्यांच्यावर पॉलिमरचा पातळ थर चढवतात. मग ती मशीनमध्ये धुता येते. बाळाच्या कपड्यांना फारच सोयीची! फक्त ती ओली झाली की लांबते, आणि तिची टोकं पाण्याने जुळत नाहीत. लेबलवर हा एक शब्द वाचायला हवा, एवढंच.

लेबल! पूर्वी मी ते फाडून टाकायचे. आता आधी तेच वाचते. १०० ग्रॅममध्ये किती मीटर, हा आकडा सगळ्यांत बोलका. मोज्यांच्या बारीक लोकरीत १०० ग्रॅमला सुमारे ४०० मीटर निघतात. तेवढ्यात बायकांच्या मापाची मोज्यांची जोडी होते. रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या मालाचा, क्रमांकही तिथेच असतो. एका वस्तूच्या सगळ्या लडी एकाच घाण्यातल्या घ्यायच्या, नाहीतर पाठ वेगळी आणि पोट वेगळं दिसतं. हाताने रंगवलेल्या लडी तर एका घाण्यातल्याही जुळ्या नसतात. त्यांच्यासाठी दोन ओळी एका लडीच्या, दोन दुसरीच्या, असं आलटून पालटून विणायचं. 'मिल्क कॉटन'च्या लेबलवर कळतं की आत बहुतेक वाटा सूत आणि ॲक्रिलिकचा आहे. पण दुधातल्या केसीनपासून धागा काढण्याची कल्पना अगदी खरी. १९३० च्या दशकात इटलीत अंतोनियो फेरेत्ती यांनी तो काढून दाखवला होता! बांबूचा धागाही बांबू चिरून निघत नाही. लगदा विरघळवून केलेला तो व्हिस्कोज असतो. म्हणून तर तो असा जड, थंड आणि चमकदार. पुण्याच्या मार्चमध्ये अंगावर घ्यावा तर तो किंवा सूत. फक्त दोघांनाही लोकरीसारखी ताण घेऊन परत येण्याची सवय नाही, तेव्हा रिबच्या कडेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

सुयांचं कोडंही सुटलं. आपल्याकडे जुना ब्रिटिश क्रमांक चालतो. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ आणि १२ नंबरची २.७५. आकडा मोठा, सुई बारीक. अमेरिकन कृतीतला ८ म्हणजे मात्र ५ मिलिमीटर, तिथे आकडा वाढला की सुई जाडते. म्हणून मिलिमीटरच बघायचे. आणि त्या रंगीत, लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या गोल सुया, ज्या युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत मानाने मांडलेल्या असतात, त्या निटप्रोच्या सुया भारतात बनतात! मला हे ठाऊकच नव्हतं. हातात धरल्या आणि धातूच्या सुयांचा तो गार, निसरडा स्पर्श आठवला. लाकडी सुईवर टाका थांबतो, वाट बघतो. बारीक जाळीला हे फार बरं.

नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा असणाऱ्यांनी हा एक हिशेब ऐकावा. १० सेंटीमीटरला २२ टाके बसतील असं धरून ९० सेंटीमीटर घेरासाठी १९८ टाके घातले, आणि हात सैल असल्याने प्रत्यक्षात २० च बसले, तर घेर ९९ सेंटीमीटर होतो. दोन टाक्यांनी नऊ सेंटीमीटर! तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मोजायचा. सुपरवॉशला तर धुतल्याशिवाय मोजण्यात अर्थच नाही.

आता काय विणू आणि काय नको! सगळ्यांत आधी एलिझाबेथ झिमरमन. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्थिरावलेली ही बाई (१९१०-१९९९) विणकामातली गणिती होती. तिची 'पाय शाल' कागदावर मांडून बघा. ९ टाके घालायचे, एक फेरी विणायची आणि टाके दुप्पट करायचे, १८. मग ३ फेऱ्या, पुन्हा दुप्पट, ३६. मग ६ फेऱ्या, ७२. मग १२, १४४. २४ फेऱ्या, २८८. ४८ फेऱ्या, ५७६. वाढवणं इथे संपलं! वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, म्हणून टाके फक्त त्या त्या वळणावर वाढवायचे. मधल्या फेऱ्यांत एकही टाका वाढवायचा नाही. तिथे साधं विणा, जाळी घाला, वाटेल ते करा, शाल सपाट गोल बसते. शाळेत पाय म्हणजे बावीस सप्तमांश असं घोकून घेतलं, त्याऐवजी ही शाल विणायला दिली असती तर वर्गातलं एकही मूल ते विसरलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तिचंच १९६८ चं बाळाचं जॅकेट. सगळं सुलट टाक्यांत विणायचं, एक सलग, वेडावाकडा, कशाचाही आकार नसलेला तुकडा. सुईवर असताना ते काय आहे हे कुणालाही सांगता येत नाही. मग दोन घड्या घालायच्या, खांद्यांवर दोन शिवणी मारायच्या आणि समोर बाह्यांसकट जॅकेट! दुकानात काकूंनी तो तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घाल बघू घड्या." ती घडी जमली त्या क्षणी मी ओरडलेच. आमच्या भाचीकडे डिसेंबरात बाळ यायचंय. आजीच्या काळची कुंची तर मी करणारच, पण त्याखाली हे जॅकेट.

मोज्यांची टाच मात्र हातात सुया घेऊनच कळते. ओळ पूर्ण न करता मध्येच फिरायचं, दर वेळी एक टाका आधी, आणि मग तसंच उलट परत यायचं. सपाट विणता विणता कापड आपोआप काटकोनात वळतं आणि टाचेची वाटी तयार होते. शिवण नाही, कापणं नाही. मोज्यांच्या लोकरीत साधारण ७५ टक्के मेंढीची लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं, टाच झिजू नये म्हणून. काही गुंडे असे रंगवलेले असतात की नुसतं सुलट विणत गेलं तरी पट्टे आपले आपण उमटतात.

आणि वर्षभराची तापमानाची शाल! रोज एक ओळ, त्या दिवसाच्या कमाल तापमानाच्या रंगाची. पुण्यात एप्रिल-मेमध्ये लाल-केशरी साचत जाणार आणि जूनमध्ये पाऊस आला की एका ओळीत हिरवा. तो पालट विणायला मिळावा म्हणून मी जानेवारीची वाट बघणार नाही, गुढीपाडव्याला सुरू करणार.

सगळ्यांत खालच्या फळीवर एक काळी-करडी लडी होती, हाताला बोचणारी, मेंढीचा वास असलेली. दख्खनी! आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची, हातावर कातलेली. जिच्यापासून घोंगडी होते, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून, ती ही लोकर. मेरिनो मेंढीचा तंतू २४ मायक्रॉनच्या आतला असतो, म्हणून तो गळ्याला टोचत नाही. दख्खनीचा त्याहून बराच जाड. गळ्याशी तिला कुणी नेऊ नये. पण मेंढपाळाला या लोकरीचं मोल फारसं मिळत नाही, वर्षातून दोनदा कातरणीचा खर्च मात्र होतो, आणि मांसासाठी मेंढी पाळणाऱ्याला लोकर ओझंच वाटू लागते, हे ऐकून मी ती लडी खाली ठेवूच शकले नाही. जाड सुयांवर दुहेरी धागा घेऊन बैठकीचं आसन, दाराशी पायपुसणं, गरम पाण्यात आटवून घट्ट केलेली पिशवी, क्रोशाने नुसते मुके खांब घालत गेलं तर उभी राहणारी टोपली, कितीतरी करता येईल! रंग द्यायचीही गरज नाही. काळा, करडा, तपकिरी, मेंढीच्या अंगावर असतो तोच.

काकू म्हणतात, पुढच्या खेपेला याच लोकरीचा दोनपदरी धागा कातून आणायला सांगितलाय, जरा जास्त पीळ देऊन. आसनाला तो अधिक टिकेल. दर शनिवारी दुपारी मागच्या खोलीत चटई घालतात. कुणी मोज्याची टाच घेऊन येतं, कुणी अडकलेली जाळी. तुमच्या घरातल्या जुन्या सुया घेऊन जा, त्या मिलिमीटरमध्ये मोजून देतात. आणि खालची फळी वाकून बघा.